बेवारस नावा काढण्याआधी: तापीकाठच्या गावांसाठी तयारीची यादी

मृगाच्या आत घाट मोकळा हवा असेल तर तयारीला दत्तजयंतीपासून लागावं लागतं. नाव ओढून बाहेर काढणं हे दोन दिवसांचं काम आहे. ती कोणाची, हे ठरवण्यातच अर्धं वर्ष निघून जातं. दत्तजयंतीला भरणाऱ्या सारंगखेड्याच्या घोड्यांच्या यात्रेला शहादा, शिंदखेडा, शिरपूर, दोंडाईचा असा सगळा मुलूख लोटतो. घोडे बघायला आलेल्या माणसालाही मामाच्या गावच्या घाटावर पडलेली नाव ठाऊक असते, म्हणून चौकशीची पहिली फेरी तिथेच होऊ द्या.

त्याआधी मात्र आपल्या काठाची यादी हातात हवी. वही, मापाची टेप, आणि फोटोवर तारीख व ठिकाण उमटवणारं मोबाइल ॲप घेऊन दोघातिघांनी काठ पायी फिरावा. प्रत्येक नावेची लांबी, रुंदी, लाकडी की पत्र्याची की फायबरची, इंजिन आहे का, असल्यास त्याच्यावरचा नंबर, रंगाखाली अर्धवट पुसलेलं नाव, मच्छीमार सोसायटीची खूण, हे सगळं लिहून घ्या. बघताना दोराकडे जास्त लक्ष द्या. दोरावर हिरवं शेवाळ चढलं असेल आणि गाठ दगडासारखी घट्ट झाली असेल तर वर्षभरात कोणी सोडलेली नाही. गाठ ताजी असेल, नावेत पाणी उपसायचा पत्र्याचा डबा पडलेला असेल, तर ती नाव कितीही मोडकी दिसो, तिला धनी आहे. आत गवत उगवलंय का, तळाची फळी सुटलीय का, साचलेल्या पाण्यात डासांच्या अळ्या आहेत का, हेही टिपा. शेवटची नोंद ग्रामसभेत फार उपयोगी पडते. नदीची अडचण कुणी मनावर घेत नाही, पण डेंग्यू म्हटलं की सगळे ऐकतात.

मग विचारपूस. घाटावर बसलेल्या म्हाताऱ्यांना "हाई नाव कोनी शे, आप्पा?" असं विचारलं की पहिलं उत्तर ठरलेलं असतं: "काय माहीत भाऊ, आठेच पडेल शे" (इथेच पडलेली आहे). या उत्तरावर वहीत 'बेवारस' लिहू नका. आप्पांना बहुतेक वेळा माहीत असतं. आपल्या तोंडून नाव गेलं आणि उद्या त्या घरी दंडाची नोटीस आली तर काय, एवढीच भीती असते. म्हणून पहिल्या दिवसापासून एकच गोष्ट गावभर सांगत राहा: मालक पुढे आला तर दंड नाही, ओढायचा खर्च नाही, आणि भंगाराचे पैसे त्याचेच. मालक सापडण्याचा याहून चांगला मार्ग माझ्या पाहण्यात नाही. ज्याच्या गळ्यात तुटकी नाव पडलेली असते त्याच्याकडे ती हलवायला पैसे नसतात, म्हणूनच ती पडून राहते. त्याला आणखी दंडाचा धाक दाखवला तर तो रात्री इंजिन काढून नेतो आणि रिकामा सांगाडा डोहात लोटून देतो. मग तो सांगाडा शोधायला पाणबुड्या आणावा लागतो.

बेवारस वाटणाऱ्या नावांतल्या बऱ्याचशा बेवारस नसतात. शहाद्याकडे ऊस-पपईच्या पट्ट्यात काठाला शेतकऱ्यांच्या पाणी उपसायच्या मोटारींची रांग असते. पाणी खाली गेलं की पाइपाचं तोंड तरंगत ठेवायला जुनी नाव किंवा ड्रमचा तराफा खाली सारलेला असतो. दिसायला तो कचरा, पण तो हलवला तर कुणाचं तरी रान सुकतं. दुसरा प्रकार वाळूच्या बोटींचा. अवैध उपशात पकडलेली बोट तहसीलदारांनी जप्त करून जिथल्या तिथे ठेवलेली असते. तिला हात लावाल तर जप्त मालाशी छेडछाड केल्याचं बालंट तुमच्यावर येईल. भीमेच्या काठाला महसूलवाले अशा बोटी जिलेटिन लावून उडवतात, वर्तमानपत्रात फोटो झकास येतो, आणि पत्र्याचे धारदार तुकडे पाण्याखाली राहतात. आपल्याकडे तशी वेळ आलीच तर तुकडे उचलण्याची जबाबदारी कोणाची, हे आधी कागदावर घ्या. तिसरा प्रकार मयताच्या नावेचा. भोई किंवा कोळी कुटुंबातला कर्ता गेला, मुलं सुरतेला कामाला लागली, नाव घाटावर राहिली. तिथे घरच्या माणसांना निरोप पाठवा, कागद नंतर.

कागदांचं आता. नदीचं पात्र सरकारचं असतं, गावाचं नाही, त्यामुळे ग्रामपंचायतीने नुसता ठराव करून नाव तोडायला घेणं बरोबर नाही. ठराव तर लागतोच. त्यासोबत तलाठ्याकडे (आता पदाचं नाव ग्राम महसूल अधिकारी झालंय, गावात अजून तलाठीच म्हणतात), पोलीस पाटलाकडे आणि पोलीस ठाण्यात लेखी अर्ज द्या आणि प्रत्येक प्रतीवर पोच घ्या. धरण किंवा बॅरेजच्या फुगवट्यातली जागा असेल तर पाटबंधारे खात्याच्या शाखा अभियंत्यालाही प्रत द्या. मासेमारीचा ठेका ज्या सोसायटीकडे आहे तिचं पत्र हवं, कारण निम्म्या नावांचा इतिहास त्यांच्या रजिस्टरात सापडतो. जिल्ह्याच्या ठिकाणी मत्स्यव्यवसाय खात्याचे सहायक आयुक्त असतात, त्यांच्या कार्यालयात अनुदानावर दिलेल्या नावांची नोंद मिळू शकते. इंजिनाची बोट असेल तर 1917 चा जुना कायदा जाऊन आलेला अंतर्देशीय जलयान कायदा, 2021 लागू होतो आणि तिची नोंदणी असायला हवी. तापीवरच्या लहान बोटींवर नंबर सापडणं दुर्मीळ, तरी बघून घ्या, कारण नंबर सापडला तर चौकशीचे सहा आठवडे वाचतात.

मालक कुठल्याच मार्गाने सापडला नाही, तर पंचनामा करून नाव पोलिसांच्या ताब्यात दाखवावी लागते. पुढे दंडाधिकारी जाहीरनामा काढू शकतात, आणि भारतीय नागरिक सुरक्षा संहितेप्रमाणे हक्क सांगायला सहा महिने मिळतात. दत्तजयंतीचा हट्ट यासाठीच. तिथून सहा महिने मोजले की ज्येष्ठ लागतो, आणि रोहिणीच्या आसपास कागद मोकळा झाला तर काम होतं. मार्चमध्ये अर्ज टाकलात तर परवानगी पुरात येईल. समुद्रातल्या बुडीत जहाजांसाठी 2007 चा नैरोबी करार आहे, मालकाने विमा काढायचा, मलबा त्यानेच काढायचा वगैरे. तापीच्या डोंग्याला नैरोबी विचारत नाही, म्हणून हे सगळं आपल्यालाच करावं लागतं.

मधला मुक्काम आखाजीचा, म्हणजे अक्षय्य तृतीयेचा. गुजरातच्या उसाच्या तोडीवर आणि वीटभट्ट्यांवर गेलेली माणसं तोवर परतलेली असतात, लेकी माहेरी आलेल्या असतात, झोके बांधलेले असतात. ज्या नावांचे मालक हिवाळ्यात 'बाहेरगावी' म्हणून वहीत लिहिले होते, ते या चार दिवसांत घरी भेटतात. संमतीपत्रावर सही किंवा अंगठा, दोन साक्षीदार, आणि 'नाव मोडून सामान मला द्यावे' की 'विकून पैसे द्यावे' हे त्याच्याच शब्दांत. दुसऱ्या आठवड्यावर ढकललंत तर तो माणूस पुन्हा दिवाळीलाच दिसेल.

सगळ्याच नावा काढायच्या का? माझं मत नाही. पैसे थोडे असतात, तेव्हा आधी त्या काढा ज्या पुरात सुटून पुढे जातील. मुलताईकडे, बऱ्हाणपुराकडे किंवा पूर्णेच्या खोऱ्यात जोराचा पाऊस झाला की हतनूरचे दरवाजे उघडतात. 41 दरवाजांचं धरण आहे ते. एकदा पाणी सोडलं की काठावर सैल बांधलेलं काहीही जाग्यावर राहत नाही. मग ती नाव खालच्या पुलाच्या खांबाला आडवी लागते, नाहीतर सुलवाडे, सारंगखेडा, प्रकाशा यांपैकी एखाद्या बॅरेजच्या दाराशी जाऊन अडकते. दारात लाकूड अडकलं तर दार नीट बसत नाही, हे तिथल्या कर्मचाऱ्यांना विचारून बघा. दुसरा मान घाटाच्या पायऱ्यांजवळच्या नावांचा, कारण तिथे पोरं पोहतात आणि खिळे पायात जातात. प्रकाशासारख्या तीर्थाच्या घाटावर तर बाराही महिने माणूस असतो. तिसरा डिझेल, ऑइल, बॅटरी असलेल्यांचा. राहिली खोल डोहाच्या तळाशी गेलेली जुनी सागवानी नाव, इंजिन नाही, वरून कुणाची ये-जा नाही, तर तिथे खूण म्हणून एक तरंगता डबा बांधा आणि सोडून द्या. जाळी टाकणाऱ्यांना जागा कळली की पुरे, आणि मासे तिच्या आडोशाला राहतात.

प्रत्यक्ष काढण्याचा दिवस मे अखेरीस, पाणी सर्वांत खाली असताना, सकाळी सहाला. दुपारी पारा चढला की दोर हातात धरवत नाही. आदल्या दिवशी बॅरेजवर फोन करून पाणी सोडणार आहेत का विचारा. काठावरच्या मोटारींचा वीजपुरवठा महावितरणकडून त्या तासांसाठी लेखी बंद करून घ्या. ही अट सोडू नका, पाण्यात उतरणाऱ्याच्या अंगाशी येणारी खरी गोष्ट म्हणजे कातडी सोललेली केबल. उलट्या पडलेल्या नावेखाली घोणस असते, नाग असतो, विंचू तर असतोच. आधी काठीने ठोका, मग हात घाला. ट्रॅक्टर की जेसीबी की हायड्रा क्रेन, हे नावेवर नाही, काठाच्या जमिनीवर ठरतं. गाळात जेसीबी रुतला तर त्याला काढायला दुसरा लागेल. 20 फूट लांब, 4 फूट रुंद, दीड फूट खोल नावेत काठोकाठ पाणी असेल तर ते सहज दोन टन भरतं, त्यामुळे कडा पाण्याबाहेर आल्या की थांबा, पंप लावून पाणी उपसा, मगच पुढे ओढा. ताणलेल्या दोराच्या रेषेत कुणी उभं राहायचं नाही, फोटो काढणारा तर अजिबात नाही. तुटलेला दोर हाड मोडतो.

पूर्ण बुडालेली असेल तर 200 लिटरचे प्लास्टिकचे ड्रम पाण्याने भरून, तोंड खाली करून, दोन्ही कडांना बांधतात आणि पंक्चरवाल्याच्या कॉम्प्रेसरने आत हवा भरतात. एक ड्रम पावणेदोनशे किलोपेक्षा जास्त उचलतो. हे काम पाण्यात मुरलेल्या भोई-कोळी माणसांनी, कमरेला दोर बांधून, लाइफ जॅकेटवाले दोघे काठावर तयार ठेवूनच करावं. धुळ्याला राज्य आपत्ती प्रतिसाद दलाची तुकडी आहे, ती बोलवू, असं कुणीतरी सुचवेलच. ती माणसं जीव वाचवायला आहेत, आपला घाट झाडायला नव्हेत.

बाहेर काढल्यावर तीन ढीग. लोखंड आणि इंजिन भंगारवाल्याकडे, वजनाची पावती घेऊन. लाकूड मालकाला. फायबरची मात्र पंचाईत होते. ते वितळवून पुन्हा वापरता येत नाही, भंगारवाला घेत नाही, आणि होळीत टाकलं तर विषारी धूर होतो. ग्राइंडरने कापताना वर पाणी मारत राहा, मास्क, चष्मा, पूर्ण बाह्यांचा सदरा घाला, फायबरमधल्या काचेचा भुगा अंगाला दिवसभर खाजतो आणि श्वासातून आत गेला तर त्रास देतो. शक्य असेल तर कापूच नका. तळ शाबूत असेल तर शेतातल्या आखाड्यावर गुरांसाठी पाण्याचा हौद म्हणून एखादा शेतकरी आनंदाने उचलून नेतो.

अक्कलकुवा-धडगावच्या नर्मदाकाठाला यातलं बरंच लागू होत नाही. सरदार सरोवराचं पाणी 138.68 मीटरला भरलं की तिथल्या पाड्यांना बोट हाच रस्ता असतो, दवाखानाही तरंगत येतो. उन्हाळ्यात कड्याखाली कोरडी पडलेली बोट तिथे टाकून दिलेली नसते, पाण्याची वाट बघत असते. तिथे आधी पाड्याच्या कारभाऱ्याला विचारा आणि तो नको म्हणाला तर परत या.

शेवटी रंगाचा डबा आणि ब्रश. उरलेल्या चालू नावांवर सोसायटीचा अनुक्रम आणि मालकाच्या मोबाइलचे शेवटचे चार आकडे दोन्ही बाजूंना मोठे लिहून टाका, तेच वहीत चढवा, आणि वही सोसायटीच्या कपाटात ठेवा, सचिवाच्या घरी नको.