मिरगाआधी बियाणं आणि बेणं निवडताना

(बेळगाव, खानापूर, हुक्केरी, चिकोडी, निपाणी भागासाठी, रोहिणी ते मृग)

सोयाबीन, भात, मका, मिरची आपण बियाण्यावर घेतो. ऊस, रताळी, बटाटा, आलं बेण्यावर. बियाणं धरायला फुलातले परागकण कुक्षीवर, म्हणजे फुलाच्या मादी भागाच्या टोकावर, पडावे लागतात. नर-मादीचे गुण त्यात नव्याने मिसळतात, त्यामुळे दाण्यादाण्यात फरक पडू शकतो. बेणं हा आईच्याच अंगाचा तुकडा. जात तीच, उतारा तसाच, आणि आईच्या अंगात रोग असेल तर तोही आयता शेतात येतो. म्हणून बियाण्याची उगवण तपासा आणि बेण्याची आई.

ऊस

आडसाली, म्हणजे पावसाळ्यातल्या लावणीचं बेणं आत्ताच ठरवून ठेवा. उसाला तुरा येतो, बीही धरतं, पण ते पेरून ऊस करायचा नसतो. प्रत्येक रोप निराळं निघतं. ते काम कोइमतूरच्या ऊस पैदास केंद्राचं, १९१२ पासून चाललेलं. को ८६०३२ ही जात तिथलीच, को ६२१९८ आणि कोसी ६७१ या जातींच्या संकरातून निवडलेली. एका रोपाची निवड झाली आणि पुढे त्याच्या कांड्याच गावोगाव गेल्या. म्हणजे शिवारभर उभा असलेला हा ऊस एकाच रोपाच्या नकला आहेत. एका फडाला जो रोग सोसत नाही, तो शेजारच्या फडालाही सोसणार नाही.

बेणं ९ ते ११ महिन्यांच्या लागणीच्या फडातलं घ्या. खोडव्याचं, म्हणजे तोडीनंतर बुडख्यातून पुन्हा फुटलेल्या उसाचं नको, कितीही स्वस्त मिळालं तरी. तोडीआधी फडात स्वतः फिरा. शेंड्यातून काळा चाबूक निघालेला दिसला तर तो काणी रोग. त्याला धक्का लागला की काळी भुकटी उडते, म्हणून आधी वर पिशवी घाला, मग बेट उपटून जाळा. बुडख्यातून गवतासारखे बारीक, पांढुरके फुटवे आले असतील तर तो गवताळ वाढ रोग. अशा फडातलं निरोगी दिसणारं टिपरंही बेण्याला घेऊ नका, कारण रोग आत असून बाहेर दिसत नाही. बेणेमळ्यासाठी (फक्त बेण्याकरता राखलेल्या फडासाठी) सोय असेल तिथे ५४ अंश सेल्सिअसच्या बाष्पयुक्त उष्ण हवेत अडीच तास प्रक्रिया केलेलं बेणं आणा.

रताळी

वेल शेंड्याकडचाच कापा, २० ते ३० सेंटीमीटर. बुडाकडचा जून वेल भारा बांधायला बरा वाटतो, पण सोंड्या भुंगा अंडी घालतो ती तिथेच. तो वेल लावला की कीड आपणच लावली. गेल्या वर्षीच्या रताळ्याच्या रानात पुन्हा रताळी नकोत. पुढे सरीला भेगा पडल्या की मातीची भर द्या, भुंगा भेगांतूनच रताळ्यापर्यंत पोचतो.

घरचं बियाणं

सोयाबीनमध्ये परागीभवन फुलातल्या फुलातच होतं, त्यामुळे घरचं बियाणं जात राखतं. प्रमाणित बियाण्यापासून तीन वर्षं चालवायला हरकत नाही. दाण्याची साल नाजूक असते. पोतं आपटलं की उगवण गेलीच. ओल्या गोणपाटात १०० दाणे गुंडाळून ठेवा, सत्तरच्या वर उगवले तर पेरा. तांबेरा रोग दरवर्षी गाठत असेल तर धारवाड कृषी विद्यापीठाची डीएसबी २१ ही जात घ्या.

संकरित मक्याचे दाणे मात्र पुन्हा पेरू नका. पुढच्या पिढीत गुण फुटतात, कणसं लहानमोठी येतात.

संकेश्वरी मिरचीचं बी राखणाऱ्यांनी दुसऱ्या मिरचीपासून २०० मीटर अंतर ठेवावं. मधमाश्या बांध ओळखत नाहीत.

काजू

खानापूरकडे अजून चांगल्या झाडाची बी टाकून रोप करतात. बी त्या झाडाची असली तरी झाड तसंच निघेल याचा भरवसा नाही. कलम घ्या. कलमात खुंट बियापासून उगवलेला आणि वरची काडी निवडक झाडाची. सांध्याखालून फूट आली तर ती खुंटाची, लगेच काढा. लावताना सांधा मातीच्या वर राहू द्या.

बटाटा

घरचा बटाटा वर्षानुवर्षं बेण्याला ठेवू नका. मावा ही बारीक रस शोषणारी कीड विषाणू पसरवते आणि ते कंदातून पुढच्या पिकात जातात. थंड भागातल्या बियाणे-प्लॉटमधला, मावा कमी असताना वाढलेला बटाटा घ्या.

बियाण्याची पावती, पिशवी आणि आतलं लेबल काढणी होईपर्यंत जपून ठेवा. उगवण फसली तर रयत संपर्क केंद्रात तक्रार करताना तेच लागतं.