महिला नाट्य-कला महोत्सवात उतरताय? या चुका टाळा

नाटकात काम करायला 'हो' म्हणालेल्या नऊजणी पहिल्या तालमीला नऊच्या नऊ येतात. दुसऱ्या आठवड्यात सहा. तिसऱ्या आठवड्यात एकीच्या सासूबाईंचं मोतीबिंदूचं ऑपरेशन निघतं, दुसरीकडे पाहुणे उतरतात, तिसरीची सुगी सुरू होते, आणि देवळामागच्या खोलीत उरलेल्या तिघी गैरहजर बायकांची वाक्यं वाचत बसतात. कर्नाटकातल्या आमच्या बेळगाव सीमाभागात वडगाव, येळ्ळूर, खानापूर, निपाणी, कुठंही जा, हेच. स्वयंसेवकांच्या बळावर चालणाऱ्या महिला महोत्सवांत मी कधी रंगमंचावर, कधी विंगेत, कधी दारात प्रवेशिका बघत उभी राहिले आहे. एवढ्या वर्षांत माझं एक मत पक्कं झालंय. आपल्या बायकांना अभिनय जमतो, गळाही असतो. प्रयोग पडतो तो घरात तालमीसाठी वेळ न मागितल्यामुळे.

'उरलेल्या वेळात करू' म्हणणं

बाकीच्या निम्म्या चुका हिच्याच पोटातून निघतात. स्वयंपाक, मुलांची शाळा, शेत, दुकान सगळं आवरून उरेल त्या वेळात नाटक बसवायचं, असं आपण ठरवतो. मग एखाद्या दिवशी तासभर मिळतो, तोही मोबाईल हातात घेऊन. संहिता पाठ होत नाही, हालचाली बसत नाहीत, आणि महोत्सवाच्या दोन दिवस आधी सगळ्याजणी एकमेकींवर चिडतात.

उपाय साधा आहे, पण करायला धीर लागतो. महिनाभराच्या तालमीच्या तारखा पहिल्याच दिवशी कागदावर उतरवा आणि प्रत्येकीनं त्या घरच्या कॅलेंडरवर लाल पेनानं मांडा. 'मंगळवार-शुक्रवार, साडेतीन ते साडेपाच, मी घरात नाही' हे घरातल्या सगळ्यांसमोर, जेवताना सांगा. नुसतं सांगून थांबू नका. ट्यूशनवरून मुलाला कोण आणणार, संध्याकाळचा कुकर कोण लावणार, हे नावानिशी ठरवा. आमच्यातल्या एकीनं असं केलं तेव्हा तिच्या सासूबाई दोन आठवडे घुम्या होत्या. तिसऱ्या शुक्रवारी त्याच म्हणाल्या, "आज तुझं नाटक हाय न्हवं? जा तू, भात मी लावतो." त्या दिवसापासून ती एकदाही उशिरा आली नाही.

तालमीच्या आणि प्रयोगाच्या तारखा धरताना आपला मुलूख डोळ्यांसमोर ठेवा. पश्चिमेकडच्या भातपट्ट्यात कापणी-मळणी सुरू झाली की गावातली बाई मिळत नाही, तिला दोषही देता येत नाही. १ नोव्हेंबरच्या आसपास बेळगावात राज्योत्सव (कर्नाटकाचा स्थापना दिन) आणि मराठी भाषकांचा निषेधाचा काळा दिन दोन्हींचा बंदोबस्त असतो, परवानग्या अडकतात. डिसेंबरात सुवर्ण विधानसौधमध्ये कर्नाटक विधिमंडळाचं हिवाळी अधिवेशन भरतं, तेव्हा शहरातल्या लॉजमध्ये खोली मिळणं कठीण होतं. बाहेरगावच्या पाहुण्या कलाकार येणार असतील तर हे आधी बघा. मार्गशीर्ष पौर्णिमेला सौंदत्तीच्या यल्लम्माची यात्रा असते, त्या दिवसांत बसमध्ये पाय ठेवायला जागा नसते. आयोजकांनी तारखेबद्दल विचारलं तर गप्प बसू नका, ही अडचण तेव्हाच सांगा.

पुण्याची भाषा उसनी आणणं

वर त्या सासूबाई 'मी लावतो' म्हणाल्या, ते पुण्यातल्या वाचकाला चुकीचं वाटेल. आमच्याकडच्या कितीतरी बायका अशाच बोलतात. 'काय करूलालीस गे?' हे वाक्य आम्ही दिवसातून दहा वेळा ऐकतो. आणि याच बायका रंगमंचावर चढल्या की एकदम 'काय गं, काय करते आहेस?' असं ताठ बोलायला लागतात. बोलताना खांदे आवळतात, हात कुठं ठेवावेत कळत नाही, विनोदाच्या जागा निसटतात. मी स्वतः पहिल्या दोन नाटकांत हेच केलं. तिसऱ्या वेळी दिग्दर्शिकेनं सगळ्यांना संहिता खाली ठेवायला लावली आणि तोच प्रसंग आपापल्या घरच्या बोलीत करून दाखवा म्हणाली. खोलीतली हवाच बदलली. जिला चार वाक्यं पाठ होत नव्हती ती दहा मिनिटं न अडखळता बोलली.

संहिता प्रमाण मराठीत असेल आणि लेखकाला बदल मान्य नसेल तर ती तशीच करा. पण पात्र सीमाभागातलं असेल तर त्याला सीमाभागाची जीभ द्या, कन्नड शब्द येतील ते येऊ द्या. त्यात कमीपणा मानायचं कारण नाही. विष्णुदास भाव्यांनी १८४३ साली सांगलीत मराठीतलं पहिलं मानलं जाणारं नाटक केलं, ते कर्नाटकातून आलेल्या भागवत मंडळींचे खेळ बघून. संगीत नाटक उभं करणारे अण्णासाहेब किर्लोस्कर बेळगाव जिल्ह्यातल्याच गुर्लहोसूरचे. आपल्या रंगभूमीच्या मुळातच दोन भाषांचं पाणी आहे.

प्रेक्षकांत कन्नडभाषक मैत्रिणी, शेजारणी असतातच. नाटकाचा चार ओळींचा कन्नड सारांश लिहून निवेदिकेच्या हातात द्या. त्या चार ओळींमुळे पहिली दहा मिनिटं 'काय चाललंय' म्हणत कुजबुजणारी रांग शांत बसते.

नऊवारी, बांगड्या आणि माईक

रंगीत तालीम साध्या पंजाबी ड्रेसवर उरकायची आणि प्रयोगाच्या दिवशी पहिल्यांदा इरकल नेसून, ठुशी-मोहनमाळ घालून उभं राहायचं, ही चूक दर वर्षी कुणी ना कुणी करतंच. एका प्रयोगात आईचं काम करणाऱ्या बाईंचा कॉलर माईक छातीशी लावला होता. मुलीला जवळ घेण्याचा तो हळवा प्रसंग, आणि हॉलभर ठुशीचे मणी माईकवर घासल्याचा खर्रखर्र आवाज. बाई जीव ओतून बोलत होत्या, शब्द एक पोचला नाही. विंगेत उभ्या असलेल्या आम्हाला रडू आलं.

म्हणून रंगीत तालीम पूर्ण वेशात, दागिन्यांसकट करा. कॉलर माईक पदराच्या बाजूला, दागिन्यापासून चार बोटं लांब, पिनेवर मायक्रोपोर टेप मारून बसवा. वायर ब्लाउजच्या आतून पाठीकडे न्या आणि माईकचा पॅक (बॅटरीची डबी) कमरेला घट्ट बांधा, ओच्यात नुसता खोचू नका. काचेच्या बांगड्या त्याच रंगाच्या दोऱ्यानं एकमेकींना बांधून टाका, किणकिण थांबते. माईक शिट्टी मारायला लागला तर तो हातानं झाकू नका, त्यानं शिट्टी वाढते. स्पीकरच्या समोरून मागे सरका, आवाज बघणाऱ्याला खूण करा.

झिम्मा, फुगडी असेल तर एक गोष्ट आवर्जून सांगा. लाकडी रंगमंचावर दहा बायकांचे पाय पडले की फूटमाईकमध्ये (रंगमंचाच्या कडेला खाली ठेवलेल्या माईकमध्ये) ढोल वाजल्यासारखं होतं आणि गाणं बुडतं. तेवढ्या वेळापुरता फूटमाईकचा आवाज कमी करायला लावा. अंगणातला झिम्मा गोल असतो, तो तसाच मांडला तर प्रेक्षकांना निम्म्या पाठी दिसतात. गोल पुढून उघडा ठेवा.

पार्श्वसंगीत फोनवरून वाजवू नका. ऐन मरणाच्या प्रसंगात कुणाचा तरी फोन येतो. गाणी पेनड्राइव्हवर ०१, ०२, ०३ अशा क्रमानं नाव देऊन ठेवा, दुसरा पेनड्राइव्ह पर्समध्ये.

तीस मिनिटं म्हणजे तीस मिनिटांचं नाटक समजणं

नेपथ्य लावणं, उचलणं, माईक चढवणं यात पाच-सहा मिनिटं जातातच, प्रेक्षकांच्या हशा-टाळ्यांना आणखी थोडी. तीस मिनिटांचा वेळ मिळाला असेल तर तालमीत नाटक चोवीस मिनिटांत संपलं पाहिजे. तुम्ही पंधरा मिनिटं जास्त घेतलीत तर ती शेवटच्या गटाच्या वाट्यातून जातात, आणि तोवर लांबच्या जांबोटी-कणकुंबीकडच्या बायका बस चुकेल म्हणून उठलेल्या असतात. प्रयोग उघड्या पटांगणात असेल तर रात्री १० नंतर ध्वनिक्षेपक लावता येत नाही, हा देशभराचा नियम आहे. सरकारनं सवलत दिलेले मोजके दिवस सोडले तर तिथं कुणाची विनंती चालत नाही.

बसचा हिशेब न करणं

११ जून २०२३ पासून कर्नाटकात शक्ती योजनेखाली बायकांना साध्या सरकारी बसचा प्रवास मोफत आहे, पण कर्नाटकातला रहिवास दाखवणारं ओळखपत्र जवळ हवं. गटातली एखादी महाराष्ट्रातल्या चंदगड किंवा गडहिंग्लजची असेल तर तिला हे मोफतचं झिरो तिकीट मिळणार नाही. महाराष्ट्राच्या एसटीत मार्च २०२३ पासून बायकांना अर्धं तिकीट आहे, तेही त्यांच्या हद्दीपर्यंतच. हे पैसे आधी धरले नाहीत की परतताना कुरबुर होते. सीमाप्रश्नावरून वातावरण तापलं तर दोन्ही राज्यांच्या बसगाड्या एकमेकांच्या हद्दीत जायच्या थांबतात, हे आपण अनेकदा पाहिलंय. पलीकडून येणाऱ्या मैत्रिणीकडे कपड्यांची पेटी ठेवू नका, ती आदल्या दिवशीच अलीकडे आणा.

परवानगीचं 'बघू नंतर'

प्रेक्षकांकडून पैसे न घेता हौशी मंडळानं केलेल्या प्रयोगाला १९५७ च्या कॉपीराइट कायद्यात सूट आहे. तिकीट ठेवलं की ती सूट लागू होत नाही. लेखकाच्या निधनानंतर ६० वर्षं हक्क चालू असतात. सूट असली तरी लेखकाला कळवा. सीमाभागातल्या बायका आपलं नाटक करताहेत हे ऐकून लेखक मंडळी मनापासून खूश होतात, असा माझा अनुभव आहे.

स्वयंसेविकेला कार्यकर्ती न समजता 'कामाची बाई' समजणं

याबद्दल मला कळकळीनं सांगायचंय. चहाची किटली घेऊन फिरणारी, मेकअपरूमच्या दारात उभी असलेली, तुमची चप्पल बाजूला सरकवणारी बाई सकाळी आपल्या घरचा डबा करून आलेली असते. तिला या कामाचा एक रुपया मिळत नाही. संध्याकाळी कदाचित तीच तुमच्या पुढच्या नाटकात काम करणार असते. "अजून चहा नाही आला?" असं तिच्यावर ओरडू नका. गटातल्या एकीचंच नाव आणि फोन आयोजकांना द्या, सगळे निरोप तिच्याकडूनच जाऊ देत. जेवणाऱ्यांचा आकडा खरा सांगा. बारा सांगून वीस आणलेत तर उपाशी राहतात त्या स्वयंसेविकाच. आणि प्रयोग झाल्यावर दोन तास थांबून खुर्च्या मांडायला, लहान मुलं सांभाळायला हात लावा. काम करणाऱ्या आयांची मुलं सांभाळणारी एक खोली असेल तर तिथंच आधी जा, तिथं माणूस नेहमी कमी पडतो.

आयत्या वेळी काही बिघडलंच तर

एखादी आलीच नाही: तिचं काम दुसरीनं संहिता हातात घेऊन करावं, निवेदिकेनं तसं एका वाक्यात सांगावं. प्रेक्षक समजून घेतात. वाक्य विसरलं: समोरचीनं प्रश्न विचारून तिला परत आणावं, ही सवय तालमीतच लावा. वीज गेली: जागच्या जागी थांबा, गाणं येत असेल तर धरा. घसा बसला: त्या दिवशी कुजबुजत बोलू नका, त्यानंही घसा ताणतो. गप्प राहा, कोमट पाणी प्या.

शेवटी उसन्या वस्तूंचं. पितळी घागर एकीच्या आजीची, जातं शेजारच्यांचं, कंदील देवळातला. प्रत्येक वस्तूखाली चिकटपट्टीवर घराचं नाव लिहा, यादी विंगेत टांगा. पडदा पडल्यावर फोटो काढायला जायच्या आधी दोघींनी ती यादी घेऊन खुणा करत वस्तू पेटीत भराव्यात. दुसऱ्या दिवशी सकाळी घागर चिंचेनं लखलखीत घासून परत द्या. पुढच्या वर्षी ती मागायला तुम्हालाच जायचंय.