सिव्हिल थ्रीडीत रोड आणि प्लॉटिंगचं डिझाइन करताय? या चुका टाळा

सिव्हिल थ्रीडी या डिझाइनच्या सॉफ्टवेअरमध्ये फाइल हँग होते म्हणून मशीनला नावं ठेवण्याआधी टूलस्पेस (ड्रॉइंगमधल्या वस्तूंची यादी दाखवणारं पॅनल) उघडा आणि साइट्स, म्हणजे एकमेकांवर परिणाम करणाऱ्या रेषा-प्लॉटचे गट, बघा. बहुतेकांची एकच साइट असते आणि तिच्यात रस्ता, प्लॉट, नाला सगळं कोंबलेलं. नवी फीचर लाइन (उंची असलेली थ्रीडी रेषा) काढताना समोर जी साइट येईल तिला ओके मारायचं, वाचायचं नाही, हे त्याचं मूळ.

एका साइटमधल्या दोन फीचर लाइन जिथे छेदतात तिथे दोघींची लेव्हल एकच राहते, आणि शेवटी जिला हात लावला तिचीच चालते. एका ज्युनिअरने प्लॉटच्या पॅडच्या, म्हणजे बांधकामासाठी सपाट केलेल्या जागेच्या, लेव्हल बसवल्या की रस्त्याच्या कडेच्या कर्बवर खड्डा पडायचा. कर्ब सुधारला की शेजारचा पॅड बिघडायचा. साइट तपासायची सोडून पठ्ठ्याने कंटूर (समान उंचीच्या रेषा) बंद केले आणि त्यावर पॉलीलाइनने हातानेच गुळगुळीत कंटूर काढले! ड्रॉइंग देखणं झालं, पण माती-भरावाचं गणित खड्ड्यांच्या सरफेसवरूनच, म्हणजे जमिनीच्या थ्रीडी मॉडेलवरूनच, निघालं. क्रॉस सेक्शन काढल्यावर बिंग फुटलं आणि ग्रेडिंग (जमिनीचे उतार-लेव्हल बसवणं) पहिल्यापासून करावं लागलं. असला शॉर्टकट मला दाखवायलाही आणू नका.

मी रस्ता, प्लॉट आणि नाल्याच्या साइट वेगळ्या ठेवतो, कच्च्या रेषांची आणखी एक. चुकून भलतीकडे गेलेली लाइन राइट क्लिक करून ‘मूव्ह टू साइट’ने हलते. रस्त्याच्या मधल्या रेषेच्या, म्हणजे सेंटरलाइनच्या अलाइनमेंटला तर साइट देऊच नका, नाहीतर ती पार्सल (प्लॉट) कापत सुटते.

दुसरं दुखणं कॉरिडॉरचं, म्हणजे रस्त्याच्या थ्रीडी मॉडेलचं. ‘रिबिल्ड ऑटोमॅटिक’ चालू ठेवून प्रोफाइलचे (रस्त्याच्या लांबीतल्या चढ-उताराच्या रेषेचे) पीव्हीआय, म्हणजे उतार बदलण्याचे बिंदू, ओढत बसायचं आणि दर वेळी पडद्याकडे बघत राहायचं. ते बंद करा, बदल उरका, मग एकदाच रिबिल्ड करा. फ्रिक्वेन्सी (मॉडेलचे छेद किती अंतराने घ्यायचे ते) सरसकट 1 मीटर ठेवणारे उतावळे वेगळेच. 300 मीटर त्रिज्येच्या वळणावर 5 मीटरच्या टप्प्याने खऱ्या वळणापासून जेमतेम 1 सेंटिमीटरचा फरक पडतो. तोच टप्पा 15 मीटर त्रिज्येच्या चौकातल्या कर्बला लावला तर फरक 20 सेंटिमीटरवर जातो. तेव्हा दाट टप्पे तिथेच द्या. मी तर तेही प्रोफाइल पक्की झाल्यावरच देतो.

लेबल एक्सप्लोड करू नका. प्रोफाइल बदलते, आकडा जुनाच राहतो.

सरफेसला बाउंड्री द्या, नाहीतर सरफेस ज्यांनी बनतो त्यातले कडेचे लांबलचक त्रिकोण मातीकामाची क्वांटिटी फुगवतात.

फुटांत काम असेल तर सर्व्हे फूट की इंटरनॅशनल फूट, हे आधी विचारा. दोन्हींत गल्लत झाली तर 5 लाख फुटांच्या कोऑर्डिनेटला 1 फूट सरकतो.

सरफेस प्रत्येक फाइलमध्ये कॉपी-पेस्ट करू नका, डेटा शॉर्टकट (मूळ सरफेसचा रेफरन्स दुसऱ्या फाइलमध्ये देणारी सोय) वापरा. फोल्डर आणि नावं मात्र पहिल्याच दिवशी ठरवा. मधेच फोल्डर हलवलं की रेफरन्स तुटतात आणि ते जोडत बसायला कुणी पुढे येत नाही.