आर्किटेक्चरला जावे का? खानापूरच्या घरातून पडलेला प्रश्न

खानापूर तालुक्यातील आमच्या जुन्या घराच्या भिंती जांभ्या दगडाच्या, जवळपास दीड हात जाडीच्या आहेत. बारावीनंतरच्या सुट्टीत मी टेप घेऊन त्या मोजल्या. आषाढात पश्चिमेची झड दिवसदिवस थांबत नाही, तरी माजघरातील भाताच्या पोत्यांना ओल कशी लागत नाही, हे मला शोधायचे होते. पागोळ्या भिंतीपासून बऱ्याच दूर पडतात आणि पाणी कौलांवर न थांबता वाहून जावे म्हणूनच त्यांचा उतार एवढा तीव्र ठेवला आहे, हे ध्यानात आले, त्या दिवशी माझा निर्णय जवळजवळ झाला.

‘मुलाची चित्रकला चांगली आहे, त्याला आर्किटेक्चरला घाला’ असे आपल्याकडे सर्रास म्हटले जाते. माझ्या मते हा निकष अपुरा आहे. हात सरावाने वळतो. मात्र एखादी वास्तू अशीच का बांधली, हे विचारत राहण्याची ओढ मुळातच असावी लागते. नातेवाईक वास्तुशास्त्र आणि वास्तुरचना यांत गल्लत करतात, म्हणून घरच्यांना आधी हा फरक समजावून सांगावा.

बी.आर्क. हा 5 वर्षांचा अभ्यासक्रम आहे. बारावीला गणित हवे आणि कर्नाटकातील प्रवेशासाठी ‘नाटा’सारखी अभिक्षमता चाचणी द्यावी लागते. पदवीनंतर 1972 च्या वास्तुविशारद अधिनियमानुसार वास्तुकला परिषदेकडे (कौन्सिल ऑफ आर्किटेक्चर) नोंदणी झाल्याशिवाय स्वतःला आर्किटेक्ट म्हणवून घेता येत नाही.

खरी कसोटी ज्युरीत, म्हणजे परीक्षकांपुढे आपले काम मांडताना लागते. पहिल्या वर्षी तीन रात्री जागून केलेले मॉडेल मी मांडले, तेव्हा परीक्षकांनी एकच विचारले, ‘या खिडकीतून आत आलेले पावसाचे पाणी कुठे जाणार?’ माझ्याकडे उत्तर नव्हते. खानापूरच्या मुलाला एवढेही सुचू नये, याचे मला फार वाईट वाटले. आठवडाभरात सगळा आराखडा मी नव्याने काढला. केलेले काम पुसून पुन्हा करण्याची तयारी ज्याच्यात नाही, त्याने या वाटेला येण्यापूर्वी पुष्कळ विचार करावा. सुरुवातीची काही वर्षे मिळकतही बेताचीच असते, हे घरी आधीच स्पष्ट सांगितलेले बरे.

मराठी माध्यमातून आलेल्यांना इंग्रजीची धास्ती वाटते, पण वर्षभरात ती सरते. कन्नडकडे मात्र दुर्लक्ष करू नये, कारण बेळगाव परिसरात साइटवरचे अनेक गवंडी कन्नड बोलतात, सरकारी कार्यालयातील कागदही बहुतेक कन्नडमध्येच असतात.

अर्ज भरण्याआधी ओळखीच्या गवंड्याबरोबर आठ दिवस साइटवर उभे राहावे आणि एका सकाळी बेळगावच्या किल्ल्यातील 1204 सालच्या कमल बसदीत (जैन मंदिरात) वही घेऊन बसावे. छतातील दगडी कमळाच्या पाकळ्या काढताना, हा एवढा भार खालच्या खांबांवर कसा उतरवला असेल, असा प्रश्न आपोआप पडतो का, ते पाहावे.