ज्यू संगीताची नोंद करताना: शब्द, चाल आणि लिपी

ज्यू संगीताच्या नोंदी फसतात त्या बहुतेक वेळा एकाच जागी: शब्द कोणाचे, चाल कोणाची आणि रोमन स्पेलिंग कोणतं, हे तिन्ही प्रश्न एका शीर्षकावर सोडून दिले जातात. खालच्या सूचना मार्क २१, म्हणजे ग्रंथालयाच्या संगणकीय सूचीतल्या नोंदींचा साचा, वापरणाऱ्यांसाठी आहेत. पुढचे २४५, १०० असे आकडे त्यातल्या फील्डचे, म्हणजे रकान्यांचे, क्रमांक आहेत.

‘लेखा दोदी’ घ्या. शुक्रवारी संध्याकाळी शब्बाथच्या (ज्यूंच्या साप्ताहिक विश्रांतीच्या दिवसाच्या) स्वागताला म्हटलं जाणारं हे काव्य सोळाव्या शतकात गॅलिलीतल्या त्सफात इथल्या श्लोमो अल्काबेत्सने लिहिलं. कवीचं नाव अनेकदा छापलेलंच नसतं. ते कडव्यांच्या आद्याक्षरांत मात्र गुंफलेलं आहे. चाली असंख्य, संगीतकार लुई लेवांडोव्स्कीचीही (१८२१–१८९४) एक आहे. रोमन छपाईत ‘ख’साठी कोणी केएच लिहितं, कोणी सीएच, आणि अश्केनाझी (मध्य आणि पूर्व युरोपातल्या ज्यूंचा) उच्चार धरला तर ‘लेखो’ होतं. म्हणून २४५ मध्ये (मुख्य शीर्षक) छापलंय तेच उतरवा, २४० मध्ये एएलए-एलसी (अमेरिकन ग्रंथालयांच्या) लिप्यंतराचं प्रमाण रूप द्या, वाचक शोधतील अशी बाकीची रूपं २४६ मध्ये. संगीतकार १०० मध्ये (मुख्य कर्ता), कवी ७०० मध्ये (इतर व्यक्ती). चाल पारंपरिक असेल तर अरेंजरला १०० मध्ये बसवू नका. त्याची जागा ७००.

हिब्रू लिपीतलं शीर्षक ८८० मध्ये. २४५ च्या सबफील्ड (उपरकाना) ६ मध्ये ८८०-०१ आणि ८८० च्या सबफील्ड ६ मध्ये २४५-०१ घातलं की जोडी जुळते. क्रमांक चुकला तर मूळ लिपी भलत्याच फील्डशेजारी दिसते आणि त्याचा पत्ता महिनोन्महिने लागत नाही. पुस्तकाच्या दोन्ही टोकांना शीर्षकपृष्ठं असतील, तर मुख्य मजकूर ज्या भाषेत आहे ते पृष्ठ धरा आणि दुसरं २४६ मध्ये घ्या (दुसरा इंडिकेटर, म्हणजे फील्डच्या सुरुवातीचा सूचक आकडा, ५).

वर्ष हिब्रू अक्षरांत असेल तर हजाराचा आकडा सहसा गाळलेला असतो. ताव ४००, शिन ३००, खेत ८ म्हणजे ७०८, अर्थात ५७०८. तीन आकडी वर्षात १२४० मिळवा: १९४८. पण हिब्रू वर्ष सप्टेंबर-ऑक्टोबरच्या सुमारास सुरू होतं, त्यामुळे महिना ठाऊक नसेल तर ‘७०८ [१९४७ किंवा १९४८]’ असंच लिहा.

लिपी पाहून भाषा ठरवू नका. यिडिशही (पूर्व युरोपातल्या ज्यूंची, जर्मनशी नातं असलेली भाषा) हिब्रू अक्षरांतच छापतात. ओळीओळीत आयिन हे अक्षर दिसत असेल, ‘देर, दी, दोस’ ही उपपदं असतील, तर ती यिडिश. जुन्या अमेरिकन ७८ आरपीएम तबकड्यांवर यिडिश गाण्यांनाही ‘हिब्रू’ म्हटलेलं सापडतं, तेव्हा तबकडी ऐकून खात्री करा. योम किप्पूरच्या पूर्वसंध्येला म्हटल्या जाणाऱ्या ‘कोल निद्रे’चे शब्द तर हिब्रू नाहीत, अरामी आहेत. गायलेली भाषा ध्वनिमुद्रणासाठी ०४१ च्या सबफील्ड डी मध्ये, छापील स्वरलिपीसाठी ए मध्ये. स्वरांखाली हिब्रू शब्द रोमन लिपीत असतील, तर तसं ५४६ मध्ये (भाषेची टीप) सांगा. गायकवृंदाला हे आधी कळायलाच हवं.

विषयशीर्षक देताना संगीतकाराचा धर्म विसरा. माक्स ब्रुख ज्यू नव्हता, तरी चेलो आणि वाद्यवृंदासाठीची त्याची ‘कोल निद्राय’ (त्याच ‘कोल निद्रे’वर आधारित), ओपस ४७, ‘ज्यू संगीत’ या शीर्षकाखाली शोधली जाणारच. ज्यू संगीतकाराच्या साध्या सिंफनीला मात्र हे शीर्षक लावायचं कारण नाही. ‘सिनेगॉग संगीत’ उपासनेच्या रचनांपुरतं ठेवा. क्लेझमर (पूर्व युरोपातल्या ज्यूंचं वाद्यसंगीत) वेगळं, यिडिश गाणी वेगळी. धर्मग्रंथाच्या सस्वर पठणाचं ध्वनिमुद्रण असेल तर परंपरा आणि ग्रंथ दोन्ही टिपांत लिहा: अश्केनाझी पठणात एस्तेर, विलापगीत आणि तोरा या बायबलमधल्या ग्रंथांचे स्वर निरनिराळे असतात, आणि शिकणारा नेमकं तेच शोधत येतो.

तबकड्यांवरचे क्रमांक ०२८ मध्ये: लेबलवरच्या विक्री क्रमांकाला पहिला इंडिकेटर ०, तबकडीत खोदलेल्या मॅट्रिक्स (मूळ साच्याच्या) क्रमांकाला १. मॅट्रिक्स दोन्ही बाजूंना वेगळा असतो, दोन्ही नोंदवा.