एक खांदा खाली असेल तर ब्लाउज किंवा शर्ट कसा शिवून घ्यावा

जन्माच्या वेळी खांदा अडकून मान ताणली गेली की मानेतून हाताकडे जाणाऱ्या पाच नसांच्या जाळ्याला (मणक्यांवरून त्यांची नावं सी-५ ते टी-१) इजा होऊ शकते. वरच्या दोन नसा दुखावल्या तर त्याला अर्ब्ज पाल्सी म्हणतात. हात पुढे बराच सुधारला तरी खांदे सारखे होतातच असं नाही. खांद्यावरचा स्नायू बारीक राहतो, हात आतल्या बाजूला वळलेला असतो, कोपर थोडं वाकलेलं असतं, आणि खवाटा, म्हणजे पाठीचं पातं, लहान राहून वर सरकतो. त्यामुळे कोणाचा तो खांदा खाली दिसतो, तर कोणाचा मानेजवळ फुगीर आणि टोकाला अरुंद. तुमचा कसा आहे ते पाठीमागून फोटो काढून आधी बघून घ्या.

तयार कपडे इथे फसतात, कारण ते दोन्ही बाजू सारख्या धरून कापलेले असतात. ‘आत पॅड लावा, झालं’ हा सल्ला सगळीकडे मिळतो आणि तो अर्धवट आहे. पॅडचा नंबर सगळ्यात शेवटी लागतो.

१. कापड

पहिल्यांदा शिवताना आडवे पट्टे आणि चौकडी नको. गळा रुंद नको, कपडा खालच्या खांद्यावरून घसरतो. ब्लाउजचे हूक पुढेच हवेत. पाठीवर हात जात नसेल तर मागचे हूक रोज दुसऱ्याच्या हाताने लागणार.

२. माप: सगळं इथेच बिघडतं

टेप हातात घेतल्यावर मास्तरांचं पहिलं वाक्य असतं, ‘सरळ उभं राहा.’ राहू नका. सरळ उभं राहिलं की माणूस खालचा खांदा जोर लावून वर धरतो. माप येतं त्या धरलेल्या खांद्याचं, आणि कपडा अंगावर येतो तो सोडलेल्या खांद्यावर. आरशासमोरही माप देऊ नका. स्वतःला आरशात बघितलं की खांदा आपोआप उचलला जातो. दुकानात चार पावलं चाला, हात सैल सोडा, भिंतीकडे तोंड करून उभे राहा आणि मग माप घ्यायला सांगा. एवढं करून दोनदा घ्या. दोन्ही वेळचे आकडे पाव इंचाच्या आत आले नाहीत तर तिसऱ्यांदा.

रोज आत जे घालता, ब्रा किंवा बनियन, त्यावरच माप द्यायचं. मान खाली घातल्यावर मागे जे हाड उठून दिसतं तिथे खडूची खूण करा. दोन्ही खांद्यांच्या टोकांवर एकेक खूण करा. कमरेला दोरी बांधा. आता प्रत्येक बाजूची वेगळी मापं:

मानेच्या हाडापासून खांद्याच्या टोकापर्यंत. खांद्याच्या टोकापासून दोरीपर्यंत, पुढून आणि मागून. पाठीच्या मध्यापासून बगलेजवळच्या हाताच्या घडीपर्यंत. मुंढा, म्हणजे बाही जोडतात तिथला खांदा-बगलेभोवतीचा घेर. दंडाचा घेर, कारण दुखावलेला दंड बहुतेकदा बारीक असतो. बाहीची लांबी, कोपर जसं वाकलेलं राहतं तसंच ठेवून कोपरावरून. हात ओढून सरळ करून माप घेतलं तर ते खरं येत नाही. हा हात आखूडही असू शकतो, म्हणून बाहीची लांबी ‘दोन्ही सारखीच’ कधीच लिहू देऊ नका.

खांद्याची उंची जमिनीपासून मोजण्याची एक पद्धत आहे, ती टाळा. कंबर तिरकी असेल तर तिचा फरकही खांद्याच्या खात्यात जमा होतो. दोरीपासून मोजलं की फक्त खांद्याचा फरक कळतो.

वहीत ‘डावा ६¾, उजवा ७½’ असं दिसलं पाहिजे. एकच आकडा दिसला तर पुढचं काही न करता घरी या.

३. बेतणं

शिंपी कापड दुमडून दोन्ही बाजू एका कात्रीत कापतो. त्यात वेग आहे आणि कापड वाचतं, पण दुमडलेल्या कापडातून दोन वेगळे खांदे निघत नाहीत. मास्तरांना दोन्ही बाजू अगदी स्वतंत्र बेतायला लावायची गरज नाही. दोन्ही बाजू मोठ्या मापाने कापायच्या, मग कापड उघडून लहान बाजू खडूने आखून छाटायची. छोट्या मापाने कापलं तर मोठी बाजू येणार कुठून? कापड गेलंच.

छाटताना तीन गोष्टी. पहिली, अरुंद खांदा टोकाकडून कमी करायचा. गळ्याच्या बाजूने छाटला तर गळाच एका बाजूला सरकतो. दुसरी, खांदा अर्धा इंच खाली घेतला तर मुंढ्याचा तळही तेवढाच, अर्धा इंच, खाली घ्या. हे विसरलं की मुंढा आखूड होतो, बगलेत काचतो, आणि मास्तर म्हणतात, ‘ताई, तुमचा हातच तसा आहे.’ हात तसाच आहे, मुंढा चुकला. तिसरी, कापड उलटं-सुलटं होऊन डावा-उजवा बदलतो. लहान बाजूला सुलट्या अंगाने लाल धावदोरा आधीच घालून ठेवा.

शर्ट असेल तर पाठीचा योक, म्हणजे खांद्यालगतची आडवी पट्टी, मध्ये जोड देऊन दोन तुकड्यांचा करायला सांगा. मग प्रत्येक खांद्याला आपापला उतार देता येतो. सगळीकडे एक इंच माया, म्हणजे शिलाईच्या आत जादा कापड, सोडा.

४. बाही

कच्च्या शिलाईवर अंगात घाला आणि हात सोडा. बगलेपासून कोपराकडे तिरप्या वळ्या आल्या तर बाही घट्ट आहे असं समजून सैल करू नका. हात आत वळलेला आहे आणि बाही सरळ हातासाठी लावलेली आहे, एवढंच त्याचं कारण. बाही उसवून तिचा माथा पाव ते अर्धा इंच पुढे फिरवा आणि वळ्या गेल्या की टाचा. मग बाहीची शिलाई बगलेतल्या शिलाईला जुळत नाही. न जुळू दे. मास्तर नाराज होतील, बगलेत कोणी बघत नाही.

५. पॅड

आता पॅड. फक्त खाली असलेल्या खांद्याला, आणि फरकाच्या निम्म्याहून कमी. पाऊण इंच फरक असेल तर पाव इंचाचा पातळ फोम पुरे, बाकीचं काम उतार करतो. पूर्ण फरक भरला तर बसलेल्या फोटोत छान दिसतं, पण हात उचलला की पॅड थेट कानापाशी. या खांद्याचा सांधा ताठर असला की हात उचलताना खवाटा आणि खांदा एकत्र वर येतात. पॅड टिचबटणावर लावा, धुताना काढता येतो. टोकाकडे तो अर्धा इंच पुढे आला तर सुकलेल्या स्नायूची पोकळीही झाकते.

लपवण्याची धडपड जुनीच आहे. जर्मनीचा कैसर दुसरा विल्हेल्म (जन्म १८५९) याचा डावा हात जन्मापासून असाच अधू आणि आखूड होता. फोटोंत तो हात बहुधा तलवारीच्या मुठीवर असतो, नाहीतर त्यात हातमोजे धरलेले असतात.

६. ट्रायल

दुखावल्या हाताने घास तोंडापर्यंत न्या. अर्ब्जमध्ये कोपर बाजूला उचलूनच हात तोंडाशी जातो, त्यामुळे इथे बाही ताणली की सगळं ताणतं. मग खाली बसा, वाकून चप्पल घाला, चांगल्या हाताने वरचा दांडा धरल्यासारखं करा. पाठीत ओढ लागली तर मायेतून उसवा, मुंढा खोल करू नका. मुंढा खोल केला की हात उचलताना कपडा आणखी वर ओढला जातो.

घालताना दुखावलेला हात आधी, काढताना चांगला हात आधी. साडीचा पदर याच खांद्यावर असेल तर पिन टोकाला न लावता गळ्याकडे दोन इंच आत, ब्लाउजच्या जाड शिलाईत लावा.

खांद्यांमधला फरक अलीकडे वाढत असेल, किंवा मुंग्या आणि नवीन दुखणं असेल, तर शिंप्याआधी हाडांच्या डॉक्टरांकडे जा.

ट्रायल जमली की मास्तरांकडून कागदावर कटिंग काढून घ्या. दोन्ही अर्धे वेगळे, त्यावर ‘डावा’, ‘उजवा’ आणि तारीख. वाढत्या मुलांचं हे कटिंग वर्षभरही पुरत नाही, गणवेशाचं माप दर वेळी नव्याने द्या.