बाथरूमची लादी फोडण्याआधी खालच्या माळ्यावर जाऊन या

मिस्त्रीच्या हाताखाली चार-पाच वर्षं काढली, लाइन-लेव्हल हातात बसली, की स्वतःचं काम धरावंसं वाटतंच. आणि ठाणे-नवी मुंबईत काम आहे. सिडकोच्या जुन्या घरांतून मोझॅक अजून निघतंय. घोडबंदर रोडवर चावी मिळाली की लोक बिल्डरची टाइल बदलायला घेतात. त्यामुळे काम मिळेल का, याची फार काळजी करू नका. केलेल्या कामाचा शेवटचा हप्ता हातात पडेल का, याची करा. तो बहुतेक वेळा बाथरूममध्ये अडकतो. म्हणून हॉल-बेडरूमबद्दल थोडं आणि बाथरूमबद्दल भरपूर सांगतो.

टाइल पाणी अडवत नाही. ग्राउट, म्हणजे सांध्यात भरायची पूड, तीही अडवत नाही. व्हिट्रिफाइड टाइल स्वतः जेमतेम अर्धा टक्का पाणी पिते, पण पाणी उतरतं सांध्यातून, कोपऱ्यातून, नहाणी ट्रॅपच्या (जमिनीतल्या पाणी जायच्या भोकाच्या) कडेने. ते अडवायचं काम टाइलच्या खालच्या थराचं, म्हणजे वॉटरप्रूफिंगचं. हे तुम्हाला माहीत आहे, मालकाला नाही. त्याला दिसते ती टाइल, आणि टाइलला शेवटचा हात तुमचा लागलेला असतो. खालच्या माळ्यावर ओल दिसली की सोसायटीचं पत्र मालकाला येतं आणि मालकाचा फोन तुम्हाला.

खरं कारण बहुतेकदा वेगळंच असतं. जुन्या इमारतींत बाथरूमचा स्लॅब खाली दाबलेला असतो आणि तो खड्डा विटांच्या तुकड्यांनी भरलेला असतो. या भरावात वर्षानुवर्षं पाणी साठून राहतं. वर ब्रेकर (फोडायचं मशीन) चालला की ते वाट काढतं आणि आठ दिवसांत खालच्या सिलिंगवर पिवळा डाग उठतो. दुसरं कारण ब्रेकरच्या हादऱ्याचं: नहाणी ट्रॅप आणि पाइप यांचा जुना सांधा सुटतो. तिसरं, भिंतीतल्या पाइपचा जोड प्लंबरने नीट चिकटवलेला नसतो. यात लादी बसवण्याची चूक कुठेच नाही. पण तुमच्याकडे दाखवायला काही नसेल तर वाद घालून उपयोग होत नाही. 'एक पावसाळा जाऊ दे, मग हिशेब करू' असं ऐकू आलं की ते पैसे गेलेच समजा. बिगारीची मजुरी मात्र तुम्ही केव्हाच दिलेली असते.

म्हणून पहिला हातोडा मारण्याआधी मालकाला सोबत घेऊन खालच्या घरी जा. एकटे जाऊ नका, शेजारी दार उघडत नाहीत. बाथरूमच्या सिलिंगचे चारही कोपरे, पाइप जिथून उतरतो तिथली कड आणि बाथरूमबाहेरच्या पॅसेजचं सिलिंग, सगळ्याचे फोटो काढा आणि तिथेच उभ्याने मालकाला पाठवा. तारीख-वेळ आपोआप नोंदली जाते. फॉल्स सिलिंग असेल तर तपासणीचं झाकण उघडून आतला स्लॅब बघा. डाग झाकायलाच ते बसवलंय, असं पुष्कळदा आढळतं.

मग वर येऊन जुन्या लादीवरच पाण्याची चाचणी घ्या. नहाणीत कापड कोंबा, त्यावर प्लास्टिक आणि पुटी लावून भोक पक्कं बंद करा. नुसतं कापड पाणी झिरपू देतं. मग पातळी खाली गेली की उगाच गळतीचा भास होतो. उंबऱ्याशी सिमेंट-रेतीच्या मालाचा छोटा बांध घाला, इंच-दीड इंच पाणी भरा, भिंतीवर पेन्सिलने रेघ मारा आणि २४ तास ठेवा. खाली ओल आली, तर गळती तुमच्या आधीची आहे हे मालकानेच डोळ्यांनी पाहिलेलं असतं. या चाचणीला एक दिवस जातो. नवख्या माणसाला तो फुकट गेल्यासारखा वाटतो. जाऊ द्या.

दुसरी चाचणी वॉटरप्रूफिंग झाल्यावर आणि लादी बसण्याआधी. इथे घाई कराल तर आधीची सगळी मेहनत वाया. उतार खालच्या मालातच काढा, टाइल उचलून-दाबून नको. भिंत आणि जमीन जिथे मिळतात तिथे मालाची वाटा घ्या, म्हणजे कोपरा गोल करा, काटकोनात वॉटरप्रूफिंगचं कोटिंग हमखास फाटतं. कोटिंगचे दोन हात द्या, दुसरा हात पहिल्याच्या आडवा. भिंतीवर किमान एक फूट वर न्या, शॉवरच्या बाजूला सहा फूट. उंबऱ्याच्या पट्टीखालूनही कोटिंग जायला हवं, ही जागा सगळे विसरतात. डब्यावर लिहिलेले दिवस सुकू द्या, मग पाणी भरून ४८ तास ठेवा आणि पुन्हा खाली जाऊन फोटो काढा. चाचणी पास झाल्यावर त्या कोटिंगवर फावडं चालवू नका, रेतीची गोणी ओढू नका. एक चरा पुरतो.

वॉटरप्रूफिंग तुम्ही स्वतः करणार नसाल तर उत्तमच, पण मग ज्याने केलं त्याची पाण्याची चाचणी झाल्याशिवाय लादीचा माल कालवायचा नाही. मालक कितीही घाई करो.

भिंतीची टाइल चढवण्याआधी प्लंबरकडून प्रेशर टेस्ट करून घ्या. हातपंपाने लाइनमध्ये दाब भरायचा आणि काटा काही तास जागेवर राहतो का बघायचं. पुढे कधी गळती आलीच तर एक खूण लक्षात ठेवा. बाथरूम वापरात नसतानाही ओल वाढत असेल तर दोष दाबाच्या लाइनमध्ये. आंघोळीनंतरच वाढत असेल तर नहाणी, ड्रेनेज किंवा वॉटरप्रूफिंगमध्ये. एवढं शांतपणे सांगता आलं तर निम्मं भांडण तिथेच मिटतं.

सगळ्यात शेवटी काचेचं पार्टिशन बसवणारा येतो आणि जमिनीत ड्रिल मारतो. कोटिंगला आरपार भोक. जमिनीत ड्रिल नाही, हे मालकाला आधीच सांगून ठेवा. काचेचा पाया सिलिकॉनवर किंवा टाइलवर चिकटवलेल्या पट्टीवर उभा राहतो.

नव्या इमारतींत आणखी एक अडचण असते. रेरा कायद्याच्या (२०१६) कलम १४ प्रमाणे ताब्यापासून ५ वर्षं बांधकामातले दोष बिल्डरने स्वखर्चाने दुरुस्त करायचे असतात. मालकाने तिसऱ्या वर्षी बाथरूम फोडलं की बिल्डर हात वर करू शकतो. हे मालकाला फोडायच्या आधी सांगा. जुनी टाइल घट्ट असेल, ठोकल्यावर पोकळ वाजत नसेल, तर न फोडता वरून अॅडहेसिव्हने नवी टाइल लावणं बरं. त्यात जमीन साधारण अर्धा इंच उचलते. दार अडकेल का, उंबरा पुरेल का, नहाणीची जाळी वर घ्यावी लागेल का, ते आधी मोजा.

आता चिठ्ठी. वकिली भाषा लागत नाही. साध्या कागदावर किंवा व्हॉट्सअॅपवर एवढं पुरतं: 'जुनी लादी फोडून डेब्रिज गोणीत भरून खाली आणणे माझ्याकडे. डेब्रिजचा टेम्पो मालकाकडे. वॉटरप्रूफिंग व प्लंबिंग माझ्याकडे नाही. खालच्या घराचे फोटो काम सुरू होण्याआधी काढले. पाण्याची चाचणी ४८ तास, मालकांसमोर. पैसे: फोडताना २५ टक्के, चाचणी पास झाल्यावर २५, लादी लागल्यावर ४०, ग्राउट व सफाईनंतर १०.' मालकाचं 'ठीक आहे' असं उत्तर आल्याशिवाय सामान उचलू नका. शेवटचा हप्ता दहा टक्क्यांच्या वर ठेवायचा नाही, ओळखीचा माणूस असला तरी. ओळखीच्या माणसाकडे तर जास्तच काटेकोर राहा.

भावाचं बोलू. हॉलचा भाव चौरस फुटावर सांगा, स्कर्टिंगचा (भिंतीच्या तळाच्या पट्टीचा) रनिंग फुटावर, म्हणजे लांबीवर. बाथरूमचा भाव फुटावर सांगूच नका, एकरकमी सांगा. ४ बाय ७ चं बाथरूम घ्या. भिंतींचा घेर २२ फूट, सात फुटांपर्यंत टाइल, म्हणजे १५४. अडीच बाय सातचं दार वजा, उरले १३६.५. जमीन २८. एकूण १६४.५ चौरस फूट. एवढीच लादी हॉलमध्ये एक मिस्त्री आणि एक बिगारी दोन दिवसांत ओढतात. बाथरूममध्ये नळाची भोकं, कोपऱ्याचे कट, ४५ अंशात घासलेल्या कडा, नहाणीभोवतीचे तुकडे यांत चार-पाच दिवस जातात, फोडण्याचे आणि चाचण्यांचे दिवस वेगळे. तेव्हा आधी दिवस मोजा, दिवसाला तुमची मजुरी, बिगारी, प्रवास, ब्लेड यांचा खर्च धरा, आणि त्यावरून आकडा काढा. शेजारचा मिस्त्री किती घेतो यावरून काढलेला भाव हमखास अंगावर येतो.

टाइलचे बॉक्सही तुम्हीच मोजून द्या. ३०० बाय ४५० मिलिमीटरच्या सहा टाइल्सचा बॉक्स सुमारे ८.७ चौरस फूट भरतो. १३६.५ मध्ये आठ टक्के तोड (कापण्यात वाया जाणारी टाइल) धरली की १७ बॉक्स. '२ बाय ४' म्हणतात ती टाइल खरी ६०० बाय १२०० मिलिमीटर, म्हणजे पूर्ण ८ चौरस फूट नाही, ७.७५ भरते. मोठ्या हॉलमध्ये हा फरक एका-दोन बॉक्सचा होतो. उतरवतानाच प्रत्येक बॉक्सवरचा शेड आणि बॅच नंबर जुळवा. गुजरातेतल्या मोरबीहून आलेल्या मालात नंतर तोच शेड मिळेलच असं नाही.

उताराचा आपला हिशेब सोपा आहे: फुटाला एक सूत, म्हणजे इंचाचा आठवा भाग. सात फुटांवर सात सूत, म्हणजे जवळपास एक इंच. पाणसळ टाइलवर आडवी ठेवून फुगा बघण्यापेक्षा तांब्याभर पाणी कोपऱ्यात ओता. थेंब कुठे थांबतो ते पाणी लगेच दाखवतं. दाराजवळ थांबलं तर ती टाइल ओली असतानाच उचला. उद्यावर ढकललीत तर उद्या ग्राइंडर लागतो.

व्हिट्रिफाइड टाइल सिमेंटच्या पाण्यावर बसवू नका. ती पाणी ओढत नाही, त्यामुळे सिमेंट तिला धरत नाही. दिसायला बसलेली दिसते आणि एखाद्या उन्हाळ्यात रांगच्या रांग वर उठते. पाठीवरची पांढरी पावडर ओल्या फडक्याने पुसा, अॅडहेसिव्ह कालवून पाच मिनिटं थांबा, पुन्हा ढवळा, दातेरी थापीने एकाच दिशेने रेघा ओढा. २ बाय ४ ला टाइलच्या पाठीवरही पातळ हात द्या. २० किलोची गोणी तीन मिलिमीटर थराला पन्नासेक चौरस फूट जाते, मोठ्या टाइलला त्याहून कमी. एप्रिल-मे मध्ये पसरलेला माल वीस मिनिटांच्या आतच साय धरतो. बोटाला लागत नसेल तर खरवडून टाका. चार कोपऱ्यांना चार आणि मध्ये एक गोळा मारून भिंतीची टाइल चिकटवणं हा मला सगळ्यात खटकणारा शॉर्टकट आहे. मागे पोकळी राहते, तिथे खुंटीचं भोक मारलं की टाइल तडकते. दर दहा-बारा टाइल्समागे एक लगेच उचलून पाठ बघा. पाठ पूर्ण भरलेली दिसली तरच पुढे चला. बिनसांध्याची लादी मागणाऱ्या मालकाला नाही म्हणा. दोन मिलिमीटरचा स्पेसर घाला आणि भिंतीलगत स्कर्टिंगखाली पाच मिलिमीटर जागा सोडा.

उस्ताद निवडताना एकच बघा: तो तुम्हाला लेव्हल आणि पहिली ओळ धरू देतो की नुसता माल कालवायला लावतो. दुसऱ्या प्रकारच्या माणसाकडे दोन वर्षांच्या वर थांबू नका. व्हिडिओ बघून कट शिकता येतो, घर बघून मांडणी कुठून सुरू करायची हे येत नाही. दुकानदाराचं कमिशन घेऊ नका असं माझं ठाम मत आहे. एकदा घेतलंत की वाकडी टाइल परत पाठवायचा तुमचा अधिकार गेला.

सोसायटीची परवानगी आणि डिपॉझिट मालकाकडे ठेवा, पण कामाची वेळ, दुपारची शांतता आणि लिफ्टचे नियम स्वतः वॉचमनकडून विचारून घ्या. लिफ्टने गोण्या नेता येत नसतील तर सातवा माळा आणि पहिला माळा एका भावात बसत नाहीत. गणपतीआधी सगळ्यांना एकदम काम हवं असतं. ४८ तासांची चाचणी बसत नसेल तर ते काम गणपतीनंतरचं घ्या. आणि चार फुटी कटर घेऊन सकाळी आठला ट्रान्स हार्बर लोकलच्या साध्या डब्यात चढायचा प्रयत्न नको, लगेजचा डबा धरा.

कागदपत्रांत महाराष्ट्र बांधकाम कामगार कल्याण मंडळाची नोंदणी करा. त्याला वर्षात ९० दिवस काम केल्याचा दाखला लागतो, म्हणून प्रत्येक कामाच्या तारखा वहीत लिहा. पीएम विश्वकर्मा योजनेतल्या १८ व्यवसायांत गवंडी आहे, अवजारांसाठी १५,००० रुपयांपर्यंत मदत मिळते.

पहिल्या वर्षी सगळंच अंगावर आल्यासारखं वाटेल. किचनची भिंत, बाल्कनी, एखादी बेडरूम अशी कामं आधी घ्या, हात आणि हिशेब दोन्ही बसतात. बाथरूम तिसऱ्या-चौथ्या कामाला घेतलंत तरी उशीर झालेला नाही. कट मात्र पहिल्या दिवसापासून पाणी सोडूनच मारा. कोरड्या कटिंगचा पांढरा धुरळा म्हणजे सिलिका, तो फुफ्फुसात बसला की निघत नाही. रुमाल बांधून तो अडत नाही, एन-९५ मास्क लागतो, आणि बिगारीलाही तोच द्या.